पांघरुणाबाहेरचा हात

दार नीट लाव. आणि तोंड फुगवून उभी राहू नकोस, बस त्या स्टुलावर.

रागावलीस ना माझ्यावर? रागाव खुशाल. एवढ्या थंडीत वॉर्डातून जिना चढून रक्ताची नळी आणायची, आणि लॅबमधल्या म्हातारीने ती तुझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकायची. कोणालाही राग येईल. पण यानेत, तू खोटं बोलली नाहीस, म्हणून तुला चहा तरी मिळतोय. नावाची चिठ्ठी नळीवर तू आधीच टेबलापाशी चिकटवलीस आणि मग पेशंटकडे गेलीस. ‘सोयीचं पडतं,’ म्हणालीस. सगळ्यांनाच सोयीचं पडतं, बाई. मग मी विचारलं, पेशंटला नाव कसं विचारलंस? तर म्हणालीस, ‘तुम्हीच कार्मेलो ना, असं विचारलं. ते हो म्हणाले.’

हो म्हणाले! तापाने फणफणलेल्या माणसाला ‘तू बिशप ना’ असं विचार, तरी तो हो म्हणेल.

साखरेचीच तपासणी आहे, जीव जात नाही कोणाचा. वीज गेलीय, मशीन तसंही बंद आहे. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या असतील. वीज आली की आपण दोघी खाली जाऊ आणि पुन्हा रक्त काढू. तोवर ही मेणबत्ती लावते. भर दुपारी मेणबत्ती लावायची वेळ आली बघ, एवढी धूळ उडतेय बाहेर. कोकाच्या पानांचा चहा घे, गरम आहे. चेहरा का असा उतरलाय तुझा, चक्कर येतेय का? तू खालच्या खोऱ्यातली, तुला इथली हवा सोसायला वेळ लागेल.

खिडकीतल्या त्या पावाला हात लावू नकोस हं. भूक असेल तर टोपलीतला घे. खिडकीतला ज्याचा आहे त्याच्यासाठी आहे.

आणि हो, तुझ्या ट्रेमध्ये दुसरीही एक नळी होती, बिनचिठ्ठीची. ती तुझी नाही म्हणतेस. तू एकच आणलीस. बरं. ती मी टाकली नाही, तिथे स्टँडमध्ये ठेवलीय. तिचं नंतर बघू. आधी मी काय सांगते ते ऐक, म्हणजे पुढे कधी माझ्यासमोर ‘सोयीचं’ हा शब्द काढणार नाहीस.

तेव्हाही आजचाच दिवस होता, सगळ्या संतांचा. तुमच्याकडेही पाळतात, तुला काय सांगायचं. दुपारी बारा वाजले की गेलेली माणसं घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यामुळे सकाळपासून दवाखाना रिकामा व्हायला लागला होता. ज्याला चालता येत होतं तो घरी गेला होता, मेलेल्यांसाठी पाव-जेवणाचं टेबल मांडायला. मला घरी कोणी मांडायला नव्हतं आणि मांडून घ्यायलाही नव्हतं, म्हणून दरवर्षीसारखी ड्युटी माझ्या गळ्यात.

बाराच्या जरा आधी मी भट्टीवर गेले होते, पाव आणायला. भट्टीवाल्या प्रुदेन्सियाकडे बायकांची ही गर्दी, प्रत्येकीच्या हातात पिठाचं एकेक बाळ, त्याला रंगवलेला चेहरा, कोणाची टोपली आधी यावरून भांडणं. मला बघून प्रुदेन्सिया म्हणाली, ‘‘नेलिदा, तू कोणासाठी गं नेतेस? तुझं तर कोणी मेलंही नाही आणि जन्मलंही नाही.’’

‘‘माझ्यासाठीच नेते,’’ मी म्हटलं. ‘‘मी मेल्यावर तू एक फुकट देशील याचा भरवसा नाही.’’

अशी हसतखिदळत परत आले. फाटकात पोचले आणि चर्चच्या घंटा सुरू झाल्या. बारा. रस्त्यावर एक माणूस नव्हता. वारा पडलेला. खाणीच्या टेकाडावरून रोज येणारा गाड्यांचा आवाजही बंद. घंटा थांबल्या तेव्हा इतकं शांत झालं की मला माझ्या हातातल्या कागदी पिशवीचा आवाज मोठा वाटायला लागला.

जिन्यातच तेओफिला सिस्टर भेटली. ती तेव्हा वॉर्ड सांभाळायची. चांगली बाई, हात हलका, कामाला वाघीण. पण तिला सगळं झटपट लागायचं. माझ्या हातात नळी कोंबून म्हणाली, ‘‘बाळंतीण आहे, देल्फिना. पठारावरच्या वाडीतून आणलीय. बाळ ठीक आहे, पण हिचं रक्त थांबत नाहीये. गट बघ, पिशवी दे, लवकर.’’

‘‘कोण आहे बरोबर?’’

‘‘नवरा आहे, रेमी. बाहेर बसून रडतोय. बाकी कोणी नाही. जा गं, पळ!’’

नळी हातात घेतली आणि माझ्या मनात आलं, ही थंड का? आत्ता काढलेलं रक्त कोमट लागतं, मुठीत कळतं. ही नळी पत्र्यासारखी गार होती. पण थंडीचे दिवस, मी फार विचार केला नाही.

इथे वर येऊन फरशीच्या पांढऱ्या तुकड्यावर थेंब टाकले, त्यात औषधाचे थेंब मिसळले, आणि फरशी हलवायला लागले. आता तुला माहीत आहे, या डोंगरात सगळे ओ. पिढ्यान्‌पिढ्या ओ. इथे गट तपासणं म्हणजे पाणी ओलं आहे का ते बघणं. हात हलतात आणि डोळे दुसरीकडे असतात. मीही पावाच्या पिशवीकडेच बघत होते. मग नजर खाली गेली तर एका थेंबात दूध नासावं तसे कण धरलेले.

बी.

मी पुन्हा केलं. बी. तिसऱ्यांदा केलं, दुसऱ्या बाटलीतलं औषध घेऊन. बी.

आणि या दवाखान्यात बाळंतिणीच्या नळीत बी निघाल्याची गोष्ट मला आधीच माहीत होती.

मला हे काम ताता फर्मीनने शिकवलं. या लॅबमध्ये माझ्या आधी तो होता. कडक माणूस, कधी कोणाजवळ मन मोकळं न करणारा. मरायच्या आधी मला बोलावून घेतलं आणि ही एकच गोष्ट सांगितली. त्याच्या तरुणपणी एरलिंदा नावाची पोर आली होती, पहिलटकरीण, अशीच रक्त जात असलेली. सोबत तिची आई, सातुर्निनाबाई. सिस्टर सुई घेऊन आली तर आई आडवी आली. तुला माहीत आहे ना, आपल्या जुन्या बायका रक्ताला किती जपतात. एकदा गेलं की पुन्हा भरत नाही, असंच समजतात. ती म्हणाली, ‘पोरीच्या अंगात राहिलंय काय, तर तुम्ही अजून काढताय? माझं घ्या. माझ्याच पोटची आहे, रक्त एकच आहे आमचं.’ रडली, पाया पडली. सिस्टरला दया आली. तिने आईच्या हातातून रक्त काढलं आणि नळीवर लेकीचं नाव घातलं.

दयेपोटी हं. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं.

सातुर्निनाबाईचा बाप म्हणे समुद्रापलीकडून आलेला, खाणीतला इंजिनिअर. त्याचं बी तिच्यात उतरलं होतं. लेक मात्र ओ. फर्मीनने नळीत बी बघितलं आणि त्याला आनंद झाला! आपल्या गावात बी, आणि ते मी शोधलं. त्याने शहरात फोन केला, माणसाने मोटारसायकलवरून बीची पिशवी आणली. जीव वाचवायला आणली. पिशवी अर्धी जायच्या आत पोरगी कंबर दुखतेय म्हणून ओरडायला लागली, मग थरथरायला, आणि मग...

नंतर फर्मीनने प्रेताच्या रक्ताचा गट बघितला तेव्हा त्याला कळलं. त्याला आणि त्या सिस्टरला. आईला कोणी सांगितलं नाही. देवाची मर्जी, असं सांगितलं. आणि ती बिचारी काय समजली माहीत आहे? तिला वाटलं, आपण दिलेलं रक्तच लेकीला चढवलं, आणि ते कमी पडलं. मरेपर्यंत दवाखान्याच्या फाटकाशी यायची आणि बाही वर करून म्हणायची, ‘अजून द्यायला हवं होतं मी. अजून घ्यायला हवं होतंत तुम्ही.’

हे सगळं मला त्या फरशीच्या तुकड्याकडे बघताना आठवलं. तेवढ्यात दारात डॉक्टर आंतेसाना.

‘‘नेलिदा, काय करतेयस? बाई चाललीय हातातून.’’

‘‘डॉक्टर, बी आलंय.’’

‘‘मग बी दे. आहे?’’

आहे... तीच तर गंमत. आदल्या आठवड्यात घाटात ट्रक उलटला होता, ओच्या सगळ्या पिशव्या त्यातल्या जखमींना लागल्या होत्या. सणामुळे शहरातून नव्या आल्या नव्हत्या. फ्रीजमध्ये एकच पिशवी होती आणि ती बीची. कोणी मागवली होती, कधी आली होती, कोणालाच धड सांगता येत नव्हतं.

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पण मी देणार नाही. मला दुसरी नळी हवी, मी माझ्या हाताने काढलेली.’’

‘‘वेड लागलंय का तुला? तपासलंस ना?’’

‘‘तपासलं. जे तपासलं ते बीच आहे. ते तिचंच आहे का, एवढंच मला माहीत नाही.’’

आंतेसाना चांगला डॉक्टर होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘पळ. मी शस्त्रक्रियेची तयारी करतो. पण नेलिदा, उशीर झाला तर ती तुझ्या नावावर.’’

हेच होतं बघ सगळं. पिशवी हातात होती. चढवली आणि नळी खरी असली, तर पोरगी वाचली. नळी खोटी असली, तर आपणच मारली. आणि ठरवत बसले तर तशीही जाणार. मी सुई, नळी, कापूस घेतला आणि धावत खाली गेले.

वॉर्डाच्या काचा वाऱ्याने फुटल्या होत्या म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. दुपारचे बारा वाजून गेलेले, आणि आत संध्याकाळ. सगळ्या खाटा रिकाम्या. फक्त कोपऱ्यातल्या खाटेवर देल्फिना, गळ्यापर्यंत पांघरुणं. तोंड मेणासारखं. आणि खाटेच्या पलीकडे, जमिनीवर, भिंतीला टेकून एक बाई बसली होती. काळी शाल, काळा घागरा, हॅट काढून मांडीवर ठेवलेली. आपल्या बायका दुःखात बसतात तशी.

मला आधी रागच आला. तेओफिला म्हणाली होती बरोबर कोणी नाही, आणि इथे तर आई बसलीय. म्हणजे तेच झालं. हिनेच हात पुढे केला असणार. जवळ गेले तर वास आला. ओल्या लोकरीचा, कापराचा, आणि खाणीच्या तोंडाशी उभं राहिलं की आतून जो गार वास येतो ना, तो.

‘‘बाई, सिस्टरने तुमचं रक्त घेतलं का?’’

तिने मान वर केली. म्हातारा, साधा चेहरा. डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली आणि खाचेत कापसाचा बोळा.

‘‘घेतलं, पोरी,’’ ती म्हणाली. आवाज मऊ होता. ‘‘पण थोडंच घेतलं. अजून घे. मागच्या वेळीही थोडंच घेतलंत... म्हणून पुरलं नाही.’’

मागच्या वेळी.

पळावंसं वाटत होतं आणि पळता येत नव्हतं. पलीकडे देल्फिनाचा श्वास घरघरत होता, मध्येच थांबत होता. त्या आवाजाने मी भानावर आले. भुताची भीती नंतर, आधी ही पोर. मी खाटेजवळ वाकले, पांघरुणाखालून तिचे दोन्ही हात बाहेर काढले आणि कोपरांवर बोट फिरवलं. सुई टोचल्याची खूण नाही. एकाही हातावर नाही.

दंडाला रबर बांधलं आणि विचारलं, ‘‘पोरी, नाव काय तुझं?’’

‘‘देल्फिना,’’ उत्तर आलं.

पण पोरीचे ओठ हलले नव्हते.

‘‘नाव सांग, पोरी. तुझं तू सांग.’’

‘‘देल्फिना... देल्फिनाच...’’ पलीकडून, मऊ आवाजात. आणि एक हात पांघरुणावरून सरकत पुढे आला, देल्फिनाच्या हातावर येऊन पडला, तळवा वर, कोपर माझ्या सुईखाली. बर्फासारखा गार. ‘‘हिचं नको घेऊस... हिच्यात काही राहिलं नाही. माझं घे. आमचं एकच आहे...’’

मी तो हात बाजूला केला. तो परत आला. पुन्हा बाजूला केला, पुन्हा आला. जोर नव्हता त्यात. हट्ट होता, आईचा असतो तसा. मला रडू फुटलं, भीतीने की कशाने ते देव जाणे. आणि मग जे तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘बाई, एकच नाहीये तुमचं! तुमचं बी आहे, एरलिंदाचं ओ होतं. तुमचं रक्त कमी पडलं नाही. त्या नळीत तुमचं रक्त होतं, म्हणून तिला चुकीचं रक्त चढवलं. त्यानेच ती गेली. तुमची चूक नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही... पण हात काढा. हिलाही तसंच मारू नका.’’

हात थांबला.

तिने तो हात स्वतःजवळ घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली, कोणा परक्याचा असावा तसं. मग कापसाचा बोळा काढला. बाही हळूहळू खाली ओढली, मनगटापर्यंत.

मग तिने विचारलं, ‘‘मग... कोणाचं चालतं?’’

मला घाई होती. सुई हातात होती, शीर सापडत नव्हती. मी मागेपुढे न बघता बोलून गेले, ‘‘ओचं चालतं. इथे कोणाचंही घ्या, सगळे ओ आहेत. माझं चालेल.’’

‘‘तुझं चालेल,’’ ती म्हणाली.

मी मान वर केली तर भिंतीपाशी कोणी नव्हतं. घोंगडी हलत होती तेवढी. आणि देल्फिनाने डोळे किलकिले केले आणि पुटपुटली, ‘‘देल्फिना... देल्फिना कायो. माझं बाळ कुठंय?’’

एवढं गोड उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं.

रक्त काढलं, तिच्या उशाशीच नळीवर नाव घातलं, वर पळाले. ओ. स्वच्छ, लख्ख ओ. फ्रीजमधली ती पिशवी चढवली असती तर... जाऊ दे. मी बऱ्याच महिन्यांत रक्त दिलं नव्हतं, आणि माझ्या सगळ्या तपासण्या मागच्याच महिन्यात झाल्या होत्या. पलीकडच्या खोलीत आडवी झाले, बाही वर केली, आणि तेओफिलाला म्हटलं, ‘‘काढ.’’ पिशवी भरली, जुळवून बघितली, जुळली. नंतर रेमीचंही घेतलं, तोही ओच. देल्फिना वाचली. तिची पोरगी आता शाळेत जाते, बाजारात दिसली की मला जीभ दाखवते.

संध्याकाळी तेओफिला माझ्यासमोर बसून रडली. म्हणाली, ‘‘मी आईबिईचं नाही गं घेतलं. तिथे कोणी नव्हतंच. अंधार होता, पांघरुणातून हात बाहेर आला. मी विचारलं, देल्फिना ना? हो म्हणाली. मी काढलं.’’ मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘हात गार होता, नेलिदा. मला वाटलं, रक्त गेलंय म्हणून.’’

आता कळलं, नाव का विचारायचं, आणि कसं? ‘तू अमुक ना’ म्हटलं की हो म्हणायला कोणीही असतं. आणि चिठ्ठी आधी चिकटवली की नळीला कोणाचंही रक्त चालतं.

इथवर ठीक. इथे थांबले असते तर तू शांत झोपली असतीस. पण तुला सांगायलाच हवं, कारण आजची तारीख आहे.

पुढच्या वर्षी याच दिवशी मी इथेच होते. बाराच्या घंटा झाल्या, मी डबा खाऊन हात धुतले, आणि बघते तर त्या स्टँडमध्ये एक नळी. भरलेली. बिनचिठ्ठीची. कोमट. मी सगळ्यांना विचारलं, कोणीच ठेवली नव्हती. तपासली, तर ओ. आणि बाही सारली तेव्हा कोपराच्या खाचेत मला दिसलं, ताजं टोचलेलं. एक थेंब अजून ओला होता.

‘तुझं चालेल,’ म्हणाली होती ना ती. मी काय बोलून बसले होते ते मला तेव्हा उमगलं. आधी तिला वाटायचं, आपलंच द्यायचं. आता तिला ठाऊक झालंय की लेकीला ओ लागतं. माझ्याच शब्दावर विसंबून ती गोळा करतेय. कधीची मेलेली लेक, आणि आई अजून रक्त शोधतेय...

बिनचिठ्ठीची नळी फेकायची, हा माझा नियम. अख्ख्या दवाखान्याला मी तो घोटून शिकवलाय. पण ती एक नळी माझ्याने फेकवली नाही. मी खिडकीत पावाचं बाळ ठेवलं आणि शेजारी ती उभी केली. दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटा झाल्यावर बघितलं तर बूच जसंच्या तसं, घट्ट. नळी रिकामी. धुऊन पुसून ठेवावी तशी कोरडी.

तेव्हापासून दरवर्षी. दुखत नाही, खरंच. टोचलेलं कळतही नाही. मला तिची भीती वाटते आणि दयाही येते, आणि दोन्हींतलं जास्त काय ते आजवर ठरलेलं नाही. नाही म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती.

यंदा मात्र डॉक्टर म्हणाले, ‘नेलिदा, तुझंच रक्त फार कमी झालंय, आता सांभाळ.’ आज बारा वाजले, मी बाही वर करून बसून राहिले. काही नाही. आत्ता बघ, हा माझा हात. कुठे काही खूण आहे? मला वाटलं, सुटले. तिलाही कळलं असेल, माझ्यात आता काही राहिलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं, संपलं एकदाचं.

आणि मग तू ट्रे घेऊन आलीस. त्यात दोन नळ्या.

ती दुसरी मी मघाशीच तपासली, तू डब्याकडे बघून धुसफुसत होतीस तेव्हा. ओ आहे. हात लावून बघ... अजून कोमट आहे.

यानेत, तू आल्यापासून डावं कोपर चोळतेयस. स्वेटरवरून. तुझं तुला कळतंय का? चक्कर हवेने येते, ते खरं. पण माणूस हवेने कोपर चोळत नाही. जेवायला बसली होतीस का बाराला? डोळा लागला होता? एकटीच होतीस वॉर्डात?

रडू नकोस. मेणबत्ती जवळ घेते. हळूच बाही वर कर, मला बघू दे.

...हा कापूस तू लावलास?

बरं. बरं. काढू नकोस तो. दाबून धर, अजून येतंय.